अकराच्या आत खाली

दाजी माझ्या डोळ्यांसमोर गेले. हे ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उतरायला उशीर होतोय हे मला वर बसल्या बसल्याच कळत होतं, हे मात्र मी तिला पाच वर्षं सांगितलं नाही. रडलो नाही म्हणून नातेवाईक मला धीराचा म्हणाले. कसला धीर आणि कसलं काय! आत सगळं बधिर होतं, आणि त्या बधिरपणाच्या तळाशी एकच भीती होती, की ताईला हे कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही. जर्मनीत मला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. दाजी म्हणजे तिचा नवरा. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते स्टुटगार्टला इंजिनियर होते. जर्मनीने बाहेरून संगणकवाले बोलवायला सुरुवात केली तेव्हा मीही त्या लोंढ्यात म्युनिकला आलो आणि एका खोलीच्या घरात राहू लागलो. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे जायचो, नाहीतर ते तिघं माझ्याकडे यायचे. तिसरी म्हणजे माझी भाची, तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये.

आमच्या घरात जावई हे एक वेगळंच प्रकरण होतं. दाजी पुण्याच्या घरी आले की बाबा वाचता वाचता पेपर खाली ठेवून उभे राहायचे. पंख्याखालची खुर्ची दाजींची. पोळी वाढताना वरची गरम त्यांना, खालची मला. लग्नात कानपिळीच्या वेळी मी त्यांचा कान पिळला होता, चांगला लाल होईपर्यंत, आणि त्याबद्दल मला त्यांच्याकडून एक मनगटी घड्याळ मिळालं होतं. त्यानंतर आईने मला आत नेऊन सांगितलं, "आज पिळलास तेवढा पुरे. यापुढे त्यांच्यापुढे उलट शब्द नाही." मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि एरवी घरात कोणाचं ऐकायचो नाही. शिक्षकांशी भांडायचो, रिक्षावाल्यांशी भांडायचो, बाबांशी तर रोजच. हे एक मात्र का कोण जाणे ऐकलं, आणि असं ऐकलं की अंगात मुरलं.

दाजींना स्वतःला हा सगळा थाट आवडायचा नाही. "अरे, अहो-जाहो करून करून तू मला म्हातारा करणार आहेस," म्हणायचे. मी म्हणायचो, "तुम्ही म्हणाल तसं." यावर ते कपाळाला हात लावायचे. त्यांच्यामुळेच मी सह्याद्रीत फिरायला लागलो. राजगड, तोरणा, पावसाळ्यात न चढण्यासारख्या जागा, सगळं त्यांच्या मागून. पुढे ते, मागे मी. निघायचं कधी, थांबायचं कुठे, पाणी किती प्यायचं, हे ते ठरवणार. मी पाय उचलायचा. दहा वर्षं हे असं चाललं आणि मला कधी त्यात काही खटकलं नाही.

बर्फ मात्र मी त्यांच्याशिवाय शिकलो. माझ्या ऑफिसातली मंडळी शनिवार उजाडला की डोंगराकडे पळायची. पहिल्या हिवाळ्यात मी नुसता त्यांच्या मागे बर्फात चालायचे पसरट बूट घालून फिरलो. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मला दोन दिवसांच्या शिबिरालाच पाठवलं. तिथला शिकवणारा गडी पन्नाशीचा, उन्हाने तोंड भाजलेलं, आणि बोलणं इतकं रोखठोक की पहिल्या तासाला मला त्याचा रागच आला. मी विचारलं, "इथे साधारण धोका असतो का?" तर म्हणाला, "साधारण कोणी मरत नाही. मरतो तो पूर्ण मरतो."

त्याने शिकवलं ते अजून माझ्या डोक्यात आहे, नको असताना आहे. वसंतातला बर्फ घड्याळावर चालतो. रात्र निरभ्र आणि थंड असेल तर वरचा थर कडक गोठतो, आणि सकाळी त्याच्यावरून बिनघोर चालता येतं. मग ऊन आधी पूर्वेच्या उतारावर येतं, नंतर दक्षिणेच्या, नंतर पश्चिमेच्या. थर सुटायला लागतो, पाणी आत झिरपतं, खालच्या गवतापर्यंत पोचतं. त्या डोंगरांवर उन्हाळ्यात गाई चरतात. जिथलं गवत कापलं-चरलं जात नाही तिथे ते लांब वाढून उताराच्या दिशेने आडवं पडतं, आणि त्याच्यावरून अख्खा बर्फ सरकतो. सरकायला लागला की आधी वर एक आडवी भेग पडते. तिला तिकडे माशाचं तोंड म्हणतात, फिशमाउल. अशा तोंडाखाली रेंगाळायचं नाही, आणि ओलांडायचंच असेल तर एकेकाने, दुसऱ्याने सुरक्षित जागी उभं राहून बघायचं. रात्री ढग असतील तर बर्फ गोठत नाही, त्या दिवशी घरीच बसायचं. आणि सगळ्यात वरचा नियम, जो त्याने आमच्याकडून पाढ्यासारखा म्हणून घेतला: अकराच्या आत खाली.

त्या वसंतात दाजी म्हणाले, "तुझा तो बर्फातला गड मलाही दाखव की." मला कोण आनंद झाला! पहिल्यांदा मी त्यांना कुठेतरी नेणार होतो. म्युनिकपासून गाडीने सव्वा-दीड तासावरचा एक सोपा डोंगर निवडला. वर उन्हाळ्यात गवळ्यांची असते तशी एक बंद झोपडी, तिच्यापुढे बाक. ऑफिसातल्या मित्राकडून दोन पीप्सर आणले. बर्फाखाली अडकलेल्याला शोधायचं ते छातीला बांधायचं यंत्र. एक फावडं आणलं, एक लांब शोधकाठी आणली. शुक्रवारी संध्याकाळी लाविनेचा रोजचा अंदाज बघितला. लाविने म्हणजे घसरून येणारा बर्फाचा लोंढा. अंदाजात लिहिलं होतं, सकाळी धोका पाचात दोन, दुपारकडे तीन. त्याची प्रिंट काढून मी जाकिटाच्या खिशात ठेवली. ती का काढली कोण जाणे, कोणाला दाखवायची होती?

ताईला मी सांगितलं होतं, पाचला निघणार. पाचला ताई माझ्या दीड हाताच्या स्वयंपाकघरात पोहे परतत होती. "उपाशीपोटी डोंगर चढतात का रे? माझ्या घरातून कोणी उपाशी गेलेलं नाही." घर माझं होतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. दाजींनी पोहे घेतले, वर लिंबू पिळलं, परत घेतले. मग चहा. मग ताईने ते पीप्सर हातात घेऊन विचारलं, "हे कशाला?" दाजी म्हणाले, "हरवलो तर तुझा भाऊ मला रेडिओसारखा लावून शोधणार." भाची उठून बसली, तिला कडेवर घेऊन ते गोल फिरले. मी दारात बूट बांधून उभा. एखादा जर्मन असता तर म्हणाला असता, आल्झो, तर मग, पाच मिनिटांत निघतोय. मी म्हणालो, "गाडी खाली आणू का?" निघायला साडेसहा वाजले.

आठला चालायला लागलो. रात्री आभाळ स्वच्छ होतं, बर्फ टणक होता, बुटाचे दात करकर रुतत होते. दाजी खूष. "हे तर आपल्या कातळापेक्षा सोपं!" म्हणाले. तासाभराने उजवीकडे वर, मोठ्या उताराच्या माथ्याशी मला ते माशाचं तोंड दिसलं. दहा-बारा मीटर लांब, आत काळपट गवत. मी ते त्यांना दाखवलं, आणि त्याच्या खालून आम्ही एकेकाने, भरभर गेलो. सगळं नियमाप्रमाणे. वर पोचायच्या थोडं आधी एक म्हातारा स्कीवरून उतरत आला. आम्हाला बघून थांबला आणि त्या त्यांच्या बव्हेरियन बोलीत मला म्हणाला की आता वर जाऊन बसू नका, हात लावून परत फिरा. अकरानंतर हा उतार माणसाचा राहत नाही.

"काय म्हणतोय म्हातारा?" दाजींनी विचारलं. त्यांचं जर्मन चांगलं होतं, पण ती बोली त्यांना उमजायची नाही.

"म्हणतायत, लवकर उतरलेलं बरं."

"बरं," दाजी म्हणाले.

म्हाताऱ्याचं बोलणं धोंड्यासारखं होतं, त्याचा मी कापूस केला. दाजींना कोणी हुकूम सोडलाय आणि तो माझ्या तोंडातून बाहेर पडतोय, हे मला जमेना. हे मी आज लिहितोय म्हणून कळतंय असं समजू नका. तेव्हाही कळलं होतं.

दहा चाळीसला वर पोचलो. झोपडीच्या पुढच्या बाकावर ऊन पडलेलं. दाजींनी जाकीट काढलं, थर्मासमधला चहा ओतला, लाडवाचा डबा उघडला. समोर सगळे डोंगर पांढरेशुभ्र. छपरावरून पाणी ठिबकायला लागलं होतं. मी घड्याळ बघितलं. लाडू खाल्ला, पुन्हा घड्याळ बघितलं.

"काय मेव्हणे, निघायचं का?" दाजींनी विचारलं. अकराला पाच मिनिटं कमी होती.

आता हा प्रश्न. त्याला उत्तर एकच होतं, दोन अक्षरांचं. मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

ते माझ्याकडे बघून हसले, पाय लांब केले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. मी उठलो. म्हटलं जरा उतार बघून येतो. पन्नासेक पावलं खाली जाऊन बघितलं तर बर्फ सकाळच्यासारखा वाजत नव्हता. पाय घोट्यापर्यंत जात होता. उताराच्या वरच्या कडेवरून छोटे छोटे गोळे आपोआप सुटून गडगडत खाली जात होते आणि मागे बारीक रेघा सोडत होते. शिबिरात ही चित्रं आम्हाला भिंतीवर दाखवली होती. दहा मिनिटांनी परत आलो तेव्हा दाजी उठून बसले होते, हातातला फोन खिशात ठेवत होते.

"काय म्हणतोय उतार?"

"ऊन वाढलंय," मी म्हणालो.

"हो ना, मस्त ऊन आहे." आणि पुन्हा माझ्याकडे बघत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "मग? काय करायचं?"

"तुमच्यावर आहे, दाजी."

त्यांनी मान हलवली आणि अजून एक लाडू उचलला. मी पुन्हा घड्याळ बघितलं. ऑफिसात मी सहा फूट उंच साहेबाला त्याच्या तोंडावर "हे चुकीचं आहे" सांगायचो, आणि तो "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून वहीत लिहून घ्यायचा. इथे माझ्या स्वतःच्या दाजींना, ज्यांनी मला दोर बांधायला शिकवला त्यांना, "चला" म्हणायला माझी जीभ उचलेना. उठतील, आता उठतील, म्हणत मी वाट बघत होतो. पावणेबाराला ते उठले. हसणं बंद झालं होतं त्यांचं. म्हणाले, "बरं, चला आता."

उतार आला तसा मी पुढे झालो. डोक्यात सगळं बरोबर होतं. दाजींना झाडांच्या पट्ट्यात उभं केलं. म्हणालो, "मी पलीकडे पोचून हात केल्याशिवाय निघू नका." पाठीवरच्या पिशवीचे बंद सोडायला लावले. पीप्सरचा दिवा तपासला. मग मी ओलांडलं. पाय नडगीपर्यंत जात होता. शंभर-सव्वाशे पावलं. पलीकडच्या खडकावर पोचून मागे वळलो आणि हात केला.

ते मध्यावर आले तेव्हा वर ते तोंड उघडलं. आवाज मोठा नव्हता. डंपरमधून ओली वाळू उतरवतात तसा आवाज झाला. मी ओरडलो, "दाजी, पळा!" त्यांनी वर बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. बर्फ हळू येत होता, खरंच हळू, धावणाऱ्या माणसाच्या वेगाने. पण त्या पसरट बुटांनी मऊ बर्फात धावता येत नाही. त्यांना त्याने गुडघ्यापाशी धरलं, मग ते बसल्यासारखे झाले, मग दिसेनासे झाले. लोंढा खालच्या खोलगट जागेत जाऊन थांबला. नंतर काही नाही. पाणी ठिबकत होतं कुठेतरी.

यापुढचं मला सगळं आठवतं आणि त्यात मी नाही. कोणीतरी दुसरा माणूस करत होता आणि मी बघत होतो. त्याने पीप्सर शोधण्यावर लावला. आकडे कमी होत गेले, वीस, बारा, सात, दोन. काठी खुपसली, चौथ्या वेळी ती मऊ लागली. सहा-सात मिनिटं झाली असतील. मग फावडं. ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, आणि दाजी छातीइतके खोल होते. एकट्याने. मी मोजत होतो, फावड्याचे फटके. मध्येच सातशेला काहीतरी चुकलं आणि मी पुन्हा सहाशे ऐंशीपासून मोजायला लागलो. पलीकडच्या धारेवरून दोघं स्कीवाले बघून आले, त्यांनी फोन केला, त्यांच्याकडे दोन फावडी होती. चेहरा मोकळा झाला तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. त्यांचे ओठ निळे होते. हेलिकॉप्टर आलं. डॉक्टर बाईंनी बराच वेळ प्रयत्न केला. मग माझ्यासमोर गुडघ्यावर बसून त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, "हो. डांके." आभार मानले मी त्यांचे.

ताईला मीच फोन केला. ती माझ्या घरी भाचीला जेवू घालत होती. मी म्हणालो, "ताई, दाजी गेले." ती म्हणाली, "कुठे?"

पुढे कागद. मृत्यूचा दाखला, विमा, घराचा करार, बँक, वकिलात. सगळे फॉर्म मी भरले. कामात मी फार चोख होतो त्या दिवसांत. सगळीकडे एक रकाना असतो, घटना कशी घडली. त्यात मी लिहिलं: उतार ओलांडताना ओल्या बर्फाचा लोंढा आला. पोलिसांनी किती वाजता, असं विचारलं, मी बरोबर वेळ सांगितली. वर किती वेळ बसला होता, असं कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

ताई भारतात परत गेली नाही. तिने जर्मनच्या पुढच्या परीक्षा दिल्या, एका दवाखान्यात हिशेबनीस म्हणून लागली. मी दर महिन्याला जात राहिलो. दरवर्षी तो दिवस आला की ती दाजींच्या फोटोपुढे पान वाढायची, आणि जेवताना केव्हातरी तेच म्हणायची, "मी त्या दिवशी पोहे करत बसले नसते तर." मी म्हणायचो, "नाही गं ताई, त्याने काही झालं नसतं." आणि भात कालवायचो. बस, एवढंच. एक बाई दीड तासाच्या पोह्यांचं ओझं वर्षानुवर्षं उचलते आहे, ते मला एका वाक्यात उतरवता आलं असतं, आणि मी भात कालवत होतो. लाज वाटायला पाहिजे होती. वाटत नव्हती. दाताला सुई दिल्यावर ओठ चावला गेला तरी कळत नाही, तसं पाच वर्षं चाललं.

मग त्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. भाची बारा वर्षांची झालेली, आईपेक्षा उंच होण्याच्या बेतात. तिच्या वर्गाची आठवडाभराची स्कीची सहल होती, मार्चअखेर. त्यासाठी पालकांच्या संमतीचा फॉर्म. त्या फॉर्मचं जर्मन नाव उच्चारेपर्यंत सहल जाऊन परत येईल, एवढं लांब. भाचीने तो टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मामा, दार्फ इश?" जाऊ का मी, म्हणजे. आईला विचारायचं सोडून मला.

ताई भांडी पुसत होती. पाठमोरीच म्हणाली, "तूच सांग. तुला त्यातलं कळतं. पाठवू का?"

मी फॉर्म वाचला. आखलेल्या, रोज तपासलेल्या उतारांवरच शिकवणार होते. सकाळी नऊ ते बारा. बिनधोक होतं सगळं. मी म्हणालो, "बघ बाई तू. तू म्हणशील तसं."

ताईने फडकं खाली ठेवलं. भाचीला म्हणाली, "आत जा जरा." भाचीने दोघांकडे बघितलं आणि गेली. ताई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आता तरी बोल," ती म्हणाली. "तेव्हाही बोलला नाहीस."

पाच वर्षांत पहिल्यांदा मला स्पष्ट काहीतरी वाटलं आणि ती भीतीच होती. मग मी बोललो. म्हाताऱ्याने काय सांगितलं होतं ते सांगितलं आणि मी दाजींना काय सांगितलं ते सांगितलं. उतारावरून गोळे सुटत होते ते. खिशातल्या कागदावर छापलेलं होतं ते. "पोह्यांनी काही झालं नाही ताई, पोहे खाऊनही, वर हात लावून लगेच फिरलो असतो तर उतार वेळेत ओलांडला असता. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं. त्यांनी मला दोनदा विचारलं आणि मी सांगितलं नाही. दाजींना कसं सांगायचं, म्हणून." आवाज माझाच होता, सपाट, कोणीतरी बातम्या वाचतंय असा.

ती रडली नाही. टेबलावरच्या प्लास्टिकवरची चूण अंगठ्याने सपाट करत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी फॉर्म बाजूला सारला.

"वरून त्यांचा फोन आला होता मला. तू उतार बघायला गेला होतास तेव्हा. हसत होते. म्हणाले, तुझा भाऊ दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतोय. त्याला खाली जायचंय, चेहऱ्यावर लिहिलंय त्याच्या. पण विचारलं की 'तुम्ही म्हणाल तसं'. म्हणाले, इथलं याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आज तो म्हणेल तेव्हाच उठायचं असं मी ठरवलंय. आज याच्या तोंडून 'चला दाजी' ऐकल्याशिवाय मी बाकावरून हलत नाही. मी पण हसले. म्हटलं, बसा मग दिवसभर. असं म्हणाले मी."

आत भाचीने कसलंतरी गाणं लावलं होतं, भिंतीतून नुसता ठोका ऐकू येत होता.

"मग एवढी वर्षं तू..." मी म्हणालो.

"तू कधी सांगतोस त्याची वाट बघत होते. दरवर्षी मुद्दाम पोह्यांचं काढायचे. म्हटलं आता तरी म्हणेल." तिचा आवाज चिरका झाला. "आणि तू भात कालवायचास. इतका राग यायचा तुझा, की वाटायचं ते ताट उचलून तुझ्या डोक्यात घालावं."

"घालायचं होतंस."

"हो. घालायला हवं होतं."

मला रडू आलं नाही तेव्हाही. छातीत कुठेतरी दुखायला लागलं होतं, एवढंच, आणि ते दुखतंय याचं मला आश्चर्य वाटत होतं. ताईने फॉर्म उचलला, पेन शोधलं, मग तसाच खाली ठेवला.

"किती वेळ बसला होतात तुम्ही दोघं तिथे?" तिने विचारलं.

"एक तास पाच मिनिटं," मी म्हणालो.